काचेचं तोंड केवढं

कॅमेऱ्याच्या खोक्यावर आकडे पुष्कळ छापलेले असतात. मेगापिक्सेल किती, झूम किती पट, आयएसओ कुठपर्यंत जातो, सेकंदाला किती फोटो निघतात. प्रकाशाला आत शिरायला वाट केवढी ठेवली आहे, हे मात्र त्यांत सापडत नाही. ते काढायला सोपं आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या एफ-आकड्याने भागायचं. ५० मिमी, एफ १.८ अशी लेन्स असेल तर ५० भागिले १.८, म्हणजे जवळपास २८ मिमी रुंदीचं छिद्र. या पुस्तकात फोनपासून मीडियम फॉरमॅटपर्यंत सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांची तुलना केली आहे, ती मुख्यतः या एका आकड्याला धरून. फोकस, वेग, बॅटरी, वजन यांचा विचार पुढे येतोच. पण कॅमेरा हे आधी प्रकाश गोळा करायचं यंत्र आहे, आणि ते किती गोळा करू शकतं हे घेणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हा आग्रह कशासाठी, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. घरात हौसेने पहिला डीएसएलआर येतो. त्याच्याबरोबर १८-५५ मिमीची किट लेन्स असते. दिवाळीत पणत्या, रांगोळी, आकाशकंदील यांचे फोटो काढले जातात. शेजारी उभं राहून कुणी तेच फोनवर काढतं, आणि फोनचे फोटो उजवे दिसतात. घरातल्यांना वाटतं आपल्याला कॅमेरा वापरता येत नाही, किंवा दुकानदाराने फसवलं. दोन्ही खरं नाही. किट लेन्स १८ मिमीवर एफ ३.५ असते, तिचं छिद्र भरतं ५ मिमी. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं नाभीय अंतर ७ मिमीच्या आसपास आणि एफ-आकडा १.८ च्या आसपास असतो, म्हणजे छिद्र जेमतेम ४ मिमी. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर डीएसएलआरकडे पावणेदोनपट प्रकाश येतो, एवढाच. फोन एका फोटोसाठी लागोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींवर बसवतो. पावणेदोनपटीची तूट त्याला सहज भरून काढता येते.

आता त्याच बॉडीवर ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स चढवा. किट लेन्सचं ५० मिमीजवळचं छिद्र ९ मिमीचं, हिचं २८ मिमीचं. प्रकाश साडेनऊपटीहून जास्त. बॉडी तीच, सेन्सर तोच, काढणारा तोच; पणतीच्या उजेडात बसलेल्या आजीचा चेहरा मात्र आता फोनला न जमणाऱ्या तऱ्हेने उमटतो. डीएसएलआर घेऊन किट लेन्सवरच थांबलेली आणि दोन वर्षांत कॅमेरा कपाटात टाकलेली माणसं सगळीकडे भेटतात. त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं.

छिद्राच्या रुंदीवर आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. चेहऱ्यावर फोकस आहे, आणि मागे खूप दूर दिव्यांची माळ आहे. ते दिवे धूसर होऊन त्यांचे गोल होतात. तो गोल केवढा येईल? चेहऱ्याच्या मापाने मोजला तर लेन्सच्या छिद्राएवढा. ८५ मिमी एफ १.८ या लेन्सचं छिद्र ४७ मिमीचं. तिने काढलेल्या फोटोत नवरीच्या गालाशेजारी दिसणारा दिव्याचा गोल, जणू तिथेच पट्टी धरून मोजावा तसा, जवळजवळ ५ सेंमीचा भरतो. फोनमधून तोच गोल ४ मिमीचा येतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. कारण अगदी साधं आहे. दूरच्या दिव्याकडून येणारे किरण जवळपास समांतर असतात. त्यांतली जी जुडी छिद्रातून आत शिरते ती चेहऱ्याच्या पातळीवरही छिद्राएवढीच जाड असते. कंपनी कोणती आणि सेन्सर केवढा, याचा या मापाशी काहीच संबंध नाही.

फोनमधला पोर्ट्रेट मोड ही धूसरता गणिताने तयार करतो. चेहरा कुठे संपला आणि मागचं कुठे सुरू झालं, हे तो अंदाजाने ठरवतो. सरळ कडा असली की अंदाज बरोबर येतो. मुंडावळ्या, गजऱ्यातून निसटलेले केस, नथीच्या मोत्यांमधली फट इथे तो अडखळतो आणि अर्धी मुंडावळी पुसून टाकतो. दर वर्षी यात सुधारणा होते आहे, हे मान्य. पण लग्नातल्या फोटोग्राफरने ४७ मिमीचं छिद्र सोडून यावर विसंबावं, अशी वेळ अजून आलेली नाही.

मग सेन्सरच्या आकाराचं एवढं महत्त्व कशासाठी सांगतात? आधी मापं पाहू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी साधारण ३६७. मायक्रो फोर थर्ड्स २२५. चांगल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत असतो तो ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर ११६. त्याची लांबी १३ मिमीच आहे, इंच त्यात कुठेही नाही. साध्या कॉम्पॅक्टमध्ये आणि लांब झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यांत असतो तो अवघा २८ चौरस मिमी. एकच दृश्य, एकच एफ-आकडा ठेवला तर सेन्सर जितका मोठा तितकं नाभीय अंतर वाढतं आणि छिद्रही वाढतं. फुल फ्रेमवर ५० मिमी एफ १.८ चं छिद्र २८ मिमी. तेच दृश्य टिपायला एपीएस-सीवर ३३ मिमी लेन्स लागते, तिचं त्याच एफ-आकड्याला १८ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी लेन्स, छिद्र १४ मिमी. सेन्सर मोठा असण्याचा लाभ बहुतांशी असा छिद्राच्या वाटेने येतो. फुल फ्रेम बॉडी घेऊन तिच्यावर मंद झूम लावली, तर सेन्सरसाठी मोजलेले पैसे वाया गेले, असं मी याच हिशेबाने म्हणतो.

एक अपवाद मात्र नीट समजून घ्यावा लागतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि विषय हलत नसला, तर शटर हवा तितका वेळ उघडं ठेवता येतं; मग छिद्र लहान की मोठं याला महत्त्व उरत नाही. तेव्हा प्रश्न येतो साठवणीचा. मोठा सेन्सर काठोकाठ भरेपर्यंत जास्त प्रकाश सामावून घेतो, म्हणून सूर्यास्ताच्या आकाशातल्या छटा आणि खालच्या काळोख्या दरीतला तपशील त्याच्यात एकाच वेळी टिकतो. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचे फोटो काढायला लोक जातात. काजवे हलते असले तरी कॅमेरा तिकाटण्यावरच असतो, म्हणून तिथे दहा वर्षांपूर्वीचा एपीएस-सी डीएसएलआरही उत्तम काम करतो. वीस-तीस सेकंदांच्या कित्येक फ्रेम घेऊन त्या नंतर संगणकावर एकत्र करायच्या असतात. तिथे नव्या कॅमेऱ्याचा वेगवान फोकस काही कामाचा नाही. कामाला येतं ते भक्कम तिकाटणं, आणि झाडाखाली बसून वाट पाहायची तयारी.

मेगापिक्सेलचं काय, हा प्रश्न इथे येणारच. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे पुढे सेन्सर म्हणून वापरात आलेल्या चिपची, कल्पना मांडली. पुढे २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकचा तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने रॉचेस्टरमध्ये तशीच एक चिप घेऊन हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोहून जास्त, चित्र १०० बाय १०० बिंदूंचं, म्हणजे एकूण दहा हजार. ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याच कंपनीत ब्राइस बायर काम करत होता, आणि आज आपण काढतो त्या जवळजवळ प्रत्येक रंगीत फोटोवर त्याची छाप आहे. सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती एवढंच कळतं. बायरने प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एका रंगाची गाळणी बसवली, आणि हिरव्या गाळण्या दुप्पट ठेवल्या, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्यात जास्त दिसतात. १९७६ सालचं हे पेटंट. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १२ मेगापिक्सेल हिरव्याचे, सहा लालचे आणि सहा निळ्याचे असतात. प्रत्येक बिंदूवरचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरले जातात. फोटोतले दोनतृतीयांश रंग अंदाजाचे असतात, आणि तो अंदाज इतका सुरेख जमतो की आपल्याला कधी शंकाही येत नाही.

छपाईसाठी किती मेगापिक्सेल पुरतात, याचं उत्तर वर्षानुवर्षं बदललेलं नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० बिंदू. इंचाला ३०० बिंदू धरले तर २० बाय १३ इंचांचा स्वच्छ प्रिंट निघतो. १२ मेगापिक्सेलमध्ये १३ बाय १०. घरातला अल्बम, मासिकाचं पान, भिंतीवरची मध्यम चौकट एवढ्यात बसते. पक्षी टिपणाऱ्याला कडा कापाव्या लागतात, त्याला जास्त हवेत हे खरं. बाकीच्यांनी या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, ते लेन्सवर घालावेत.

आता आरशाची गोष्ट. ती थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण सध्या दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ इथेच होतो.

फिल्मच्या काळात फिल्म काय पाहते आहे हे धुऊन आल्याशिवाय कळत नसे. म्हणून लेन्समधून येणारा प्रकाश आरशाने वर वळवायचा, प्रिझममधून डोळ्यापर्यंत आणायचा, आणि फोटो काढायच्या क्षणी आरसा उचलायचा, ही रचना आली. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याने ती व्यावसायिकांच्या हाती रुळवली. डिजिटलचं युग आलं तेव्हा सेन्सर या तयार घरात भाडेकरू म्हणून राहायला आला. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ ३ च्या बॉडीतच १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला. साठवणीची पेटी वेगळी खांद्याला लावावी लागे. १९९९ मध्ये निकॉन डी १ आला. २००३ मध्ये कॅननने ३०० डी हजार डॉलरच्या आत आणला आणि डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांमधल्या फोटो स्टुडिओंनी फिल्म सोडली ती याच्या पुढच्या काही वर्षांत.

पण सेन्सर स्वतःच पाहू शकतो, मग डोळ्यासाठी वेगळा आरसा कशाला, हा प्रश्न होताच. आरसा इतकी वर्षं टिकला त्याला दोन ठोस कारणं होती. एक, आरशाच्या मागून थोडा प्रकाश खाली वळवून तळाशी असलेल्या वेगळ्या यंत्रणेकडे पाठवला जाई. फोकस पुढे आहे की मागे आणि किती, हे ती एका नजरेत सांगे. सेन्सरवरून फोकस करायचा तर पुढेमागे चाचपडावं लागे. दुसरं, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मंद होते, अंधारात चित्र तुटायचं. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी १ हा पहिला मायक्रो फोर थर्ड्स मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा आणला तेव्हा या दोन्ही उणिवा शिल्लक होत्या. २०१० नंतर फोकस ओळखणारे बिंदू थेट सेन्सरवरच बसू लागले आणि पहिलं कारण संपत गेलं. २०१३ मध्ये सोनीने ए ७ हा फुल फ्रेम मिररलेस आणला. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये त्याच वाटेने आले. २०२० मध्ये या दोघांचे शेवटचे मोठे व्यावसायिक डीएसएलआर बाजारात आले.

तुलना करायची तर निकॉनचीच दोन यंत्रं शेजारी ठेवू: २०१७ चा डी ८५० आणि २०१८ चा झेड ७. दोघांचे सेन्सर ४५.७ मेगापिक्सेलचे, चित्राच्या प्रतीत फारसा फरक नाही. डी ८५० चं वजन हजार ग्रॅमच्या जरा वर, झेड ७ पावणेसातशेच्या आसपास. डी ८५० एका बॅटरीवर प्रमाणित चाचणीत १८४० फोटो काढतो, झेड ७ फक्त ३३०. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात, पण डी ८५० पुढेच राहतो, कारण मिररलेसमध्ये सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात. आषाढी वारीबरोबर दिवसभर चालणाऱ्या आणि चार्जिंगची खात्री नसणाऱ्या फोटोग्राफरला हा फरक फार मोठा आहे.

उलट बाजूने, मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो. उजेड कमी-जास्त झाला तर डोळ्यालाच कळतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय नाही. फोकसचे बिंदू चौकटीच्या कडेपर्यंत पसरलेले असतात आणि डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात. अंगणभर धावणारं मूल टिपताना ज्याने दोन्ही वापरले आहेत, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आवाजाचा मुद्दा मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. सवाई गंधर्व महोत्सवात गायक आलापी मांडत असताना पुढच्या रांगेतून आरशाचा खटका ऐकू येणं, हा श्रोत्यांना आणि कलाकाराला होणारा खरा त्रास आहे. नाट्यगृहातही तेच. मिररलेसचं मूक शटर तिथे वरदान आहे. मात्र त्याची किंमत समजून घ्यावी. मूक शटरमध्ये बहुतेक कॅमेरे सेन्सर वरून खाली, ओळीमागून ओळ असा वाचतात आणि त्याला थोडा वेळ लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. वाचन चालू असताना दिवा मंदावला की फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. मंगल कार्यालयातल्या एलईडी पडद्यासमोर हे हमखास घडतं. वेगाने वाचले जाणारे सेन्सर महागड्या बॉडींमध्ये आले. निकॉनने २०२१ च्या झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच काढून टाकलं, आणि सोनीच्या २०२३ च्या ए ९ थ्री मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. मध्यम किमतीच्या मिररलेसवर लग्न काढणाऱ्याने स्टेजवर यांत्रिक शटरच वापरावं आणि शटरचा वेग शंभरांश किंवा पन्नासांश सेकंद ठेवून पाहावा.

धुळीचंही एक आहे. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो. आरशाची आणि मिटलेल्या शटरची आड नसते. काही बॉडी बंद केल्यावर शटर मिटून घेतात, सगळ्या नाही. ताडोबात उन्हाळ्यात जिप्सीमागे उडणारी धूळ पाहिली की उघड्या जिप्सीत लेन्स बदलणं किती महागात पडेल ते कळतं.

आरसा गेल्यावर कॅमेरे हलके झाले, म्हणून सगळं ओझं कमी झालं अशी समजूत पसरली आहे. ती छिद्राच्या हिशेबापुढे टिकत नाही. ६०० मिमी एफ ४ लेन्सचं छिद्र १५० मिमीचं. तेवढ्या रुंदीची काच लागणारच, आरसा असो वा नसो. कॅननची डीएसएलआरसाठीची ६०० मिमी एफ ४ तीन किलोच्या जरा वर आहे, आणि मिररलेससाठीचीही तीन किलोच्या जरा वरच. बॉडीचं वजन घटवता येतं, प्रकाशाच्या वाटेचं नाही.

याच कसोटीवर ब्रिज कॅमेऱ्याकडे पाहिलं तर उत्तर अनपेक्षित येतं. जाणकार मंडळी या प्रकाराला नाक मुरडतात. निकॉनचा पी १००० हा २०१८ चा कॅमेरा घ्या. १२५ पट झूम, फुल फ्रेमच्या भाषेत ३००० मिमी. सेन्सर मात्र तोच २८ चौरस मिमीचा. जाहिरातीतले ३००० मिमी बाजूला ठेवून खरी मापं घेतली तर नाभीय अंतर ५३९ मिमी, एफ ८, म्हणजे छिद्र ६७ मिमी. नवशिक्याच्या डीएसएलआरवर लागते ती ७०-३०० मिमी एफ ६.३ लेन्स ४८ मिमीची. भिगवणला उजनीच्या पाण्यात दूरवर उभे असलेले रोहित हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात टिपायचे असतील, तर हा ब्रिज कॅमेरा त्या डीएसएलआरपेक्षा जास्त तपशील देतो. तोच थवा उडाला की त्याचा फोकस मागे पडतो. मोठ्या लेन्सपुढेही तो कमी पडतो: १५०-६०० मिमी एफ ६.३ लेन्सचं छिद्र ९५ मिमी, म्हणजे या ब्रिज कॅमेऱ्याच्या दुप्पट प्रकाश. ६०० मिमी एफ ४ चा पाचपट. एफ ८ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ११ मायक्रॉनच्या चकतीसारखा पसरतो, आणि या कॅमेऱ्याचा पिक्सेल १.३ मायक्रॉनचा आहे. त्याच्या १६ मेगापिक्सेलमधले बरेचसे अशा वेळी रिकामे असतात. शिवाय दहा वाजले की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग कितीही मोठी काच आणली तरी दूरचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखाच दिसतो. नाव पुढे नेणं हाच तेव्हा उपाय.

लहान छिद्र नेहमी वाईट, असा ग्रह मात्र कुणी करून घेऊ नये. कासच्या पठारावर गुडघे टेकून सीतेच्या आसवांचं फूल टिपायचं असतं तेव्हा समोरच्या पाकळीपासून मागच्या देठापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं. मोठ्या छिद्राला ते जमत नाही. फुल फ्रेमवर एफ १६ पर्यंत जावं लागतं आणि मग उजेड पुरत नाही. ऑलिम्पसने सुरू केलेल्या टीजी मालिकेतले लहान, पाणी न शिरणारे कॅमेरे एक सेंटिमीटरवरून फोकस करतात आणि भर पावसात चालतात. सह्याद्रीतली बेडकं, कीटक, ऑर्किड यांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकाला फुल फ्रेमपेक्षा हा खिशातला डबा जास्त उपयोगी पडू शकतो. फोनही इथे चांगलं काम करतो.

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला फोनने जवळजवळ संपवलं. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सगळे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. टिकले ते फोनपेक्षा मोठं छिद्र किंवा मोठा सेन्सर देणारे: सोनीची आरएक्स १०० मालिका, रिकोचे जीआर, फुजीचे एक्स १००. रस्त्यावर माणसांचे फोटो काढणाऱ्याला ते आवडतात, आणि त्याचं एक कारण असं की समोरचा माणूस बुजत नाही. मोठी काच रोखली की गर्दीतल्या माणसाचा चेहरा बदलतो, हे कुठल्याही मापात बसत नाही पण खरं आहे.

मीडियम फॉरमॅटविषयी थोडक्यात. ४४ बाय ३३ मिमीचा सेन्सर फुल फ्रेमच्या पावणेदोनपट भरत नाही, आणि त्याच्या लेन्स सहसा तितक्या उघड्या नसतात. म्हणून अंधारात त्याचा खास फायदा दिसत नाही. पोथ्या, चित्रं, दागिने यांचं स्थिर प्रकाशातलं दस्तऐवजीकरण हे त्याचं खरं क्षेत्र. ॲक्शन कॅमेरे आणि ड्रोन यांचे सेन्सर बहुतेकदा लहान. तिथे कॅमेरा कुठे पोहोचतो यालाच मोल आहे. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत आणि ते वाचल्याशिवाय गडावरून तो उडवू नये.

पुस्तकात किमती दिलेल्या नाहीत, त्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या प्रकारातल्या नेहमीच्या लेन्सची छिद्रं मोजून दाखवली आहेत, आणि तीस-चाळीस हजारांत सुरुवात करणाऱ्यासाठी माझा स्पष्ट सल्ला दिला आहे: जुना एपीएस-सी डीएसएलआर आणि ५० मिमी एफ १.८. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास आणि पुण्या-नागपुरातही जुन्या बॉडी आणि उत्तम लेन्स विकायला येत आहेत. विद्यार्थ्यांसाठी हा काळ चांगला आहे. म्हणून शेवटचं प्रकरण जुना माल तपासण्यावर लिहिलं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत वाढलेल्या लेन्सला अनेकदा आतून बुरशी लागलेली असते, ती टॉर्चच्या तिरप्या उजेडात जाळ्यासारखी दिसते. शटर किती वेळा पडलं आहे ते कसं काढायचं, पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग कसे शोधायचे, आणि लेन्सची एक बाजू मऊ येते आहे का हे भिंतीवर लावलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरून कसं ओळखायचं, ते सगळं तिथे छायाचित्रांसह दिलं आहे.